पाडव्याच्या कण्या

"पाडव्याच्या दिवशी कण्या?" मल्लिनाथने विचारलं.

मठाच्या गुरू रेवाक्का चुलीपुढे बसल्या होत्या. पातेल्यात ताकातल्या ज्वारीच्या कण्या रटरटत होत्या.

"हो."

"आक्का, बाहेर दोनशे माणसं पानावर बसलीत. तुम्ही पुरणपोळीचा पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावत नाही. तीस वर्षांची रीत आहे."

"तीस वर्षांपूर्वी मला दात होते."

"पुरण मऊ असतं."

"आणि गिळायचं कसं?" आक्कांनी गळ्यावर हात ठेवला. "दिवाळीपासून घट्ट काही उतरत नाही. सांगितलं होतं तुला."

सांगितलं होतं. पण मल्लिनाथने कारभार हाती घेतल्यापासून मठाची गर्दी दुपटीनं वाढली होती. त्या गर्दीपुढे थकलेल्या आक्का त्याला नको होत्या.

"एकच घास," तो म्हणाला. "नाहीतर लोक म्हणतील, आक्कांचं आता संपलं."

आक्कांनी पातेलं चुलीवरून खाली उतरवलं.

"चल."

त्या ओसरीवर येऊन बसल्या. मल्लिनाथने पोळीचा तुकडा तुपात बुडवून स्वतःच्या हातानं त्यांना भरवला. अंगणात जयजयकार झाला.

त्या गजरात आक्कांचा ठसका कुणाला ऐकू आला नाही. मग ठसकाही थांबला. ओठ निळे पडले, डोळे फिरले.

मल्लिनाथने त्यांना पुढे वाकवलं. पाठीत बुक्क्या घातल्या. शेवटी तोंडात दोन बोटं खुपसली.

घास निघाला. मागोमाग थोडं रक्त आलं.

अंगण गप्प झालं. आक्कांचं लुगडं ओलं झालं होतं. मल्लिनाथला ते दिसलं, लोकांनाही दिसलं. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून त्यांच्या मांडीवर टाकलं.



मग तो आत गेला. वाटीत कण्या आणल्या, फुंकून गार केल्या आणि चमच्यानं भरवू लागला. निम्म्या कण्या हनुवटीवरच सांडत होत्या.

"चुकलं माझं, आक्का."

आक्कांनी आणखी एक चमचा घेतला.

पंगतीतल्या एका म्हाताऱ्यानं पुढ्यातलं पान हळूच बाजूला सारलं. "मलाही तेच वाढा," तो खाली बघत म्हणाला. "वर्षभर घरी कुणाला सांगितलं नाही मी."

पलीकडून आणखी एकीनं हात वर केला. मग आणखी एकानं. पातेलं बाहेर आलं.

"तुझं वय काय झालं रे?" आक्कांनी हलक्या आवाजात विचारलं.

"अठ्ठावन्न."

आक्कांनी उपरण्याच्या टोकानं त्याच्या बोटांवरचं रक्त पुसलं.

"तुझ्या तोंडात बोटं घालायला कोण आहे?"