बसून राहिलेलं यंत्र

“कुणाचेच नाहीत?”

“कुणाचेच नाहीत, महाराज. जे मिळवलं ते स्वतःच्या पायांनी फिरून मिळवलं.”

टेकडीवरच्या त्या मठाचा रिवाज साधा होता. दीक्षा हवी, तर आधी ज्याचे उपकार आहेत त्याचं नाव घ्यायचं. विश्वंभरला एकही नाव सुचेना, आणि त्याचा त्याला अभिमानच वाटत होता. गडी पृथ्वीचं चुंबकत्व मोजून जमिनीतलं पाणी शोधणारा. सगळा मुलूख पालथा घातलेला.

केवलगिरी महाराज हसले. “बरं. मठाची विहीर आटलीय. तेवढं पाणी तरी शोधून दे.”

विश्वंभरने एक यंत्र चिंचेखाली काठीवर उभं केलं, दुसरं पाठीला लावलं आणि माळावर निघाला. दिवस कलताना घामाघूम होऊन परतला, तर चिंचेखालचं यंत्र महाराजांच्या ओसरीवर.

“हे इथं कसं?”

“तू गेलास तसं बंद करून उचलून आणलं. काम ना धाम, नुसतं बसून होतं.”

विश्वंभरने कपाळावर हात मारला. “अहो महाराज, सगळा दिवस फुकट गेला की!”

“का? फिरलास तर तू.”

“फिरून काय उपयोग? पृथ्वीचं चुंबकत्व दिवसभर आपलं आपण कमीजास्त होत असतं. ते एका जागी बसून कुणीतरी टिपावं लागतं. ते वजा केलं, की मग कळतं आकडा खालच्या खडकामुळे किती हलला. हे बसलेलं नसेल, तर माझं फिरणं म्हणजे...”

“म्हणजे?”

“नुसती पायपीट.”

महाराज यंत्रावरची धूळ उपरण्याने पुसत राहिले...

विश्वंभर यंत्राशेजारी खाली बसला. वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा यमुनाक्का म्हणाली होती, “तू जा रे बिनघोर, मी आहे इथं.” तिचं लग्न राहिलं ते राहिलंच. आणि आपण इतक्या वर्षांत तिला एका शब्दानं...

“अक्का,” तो म्हणाला. “माझी थोरली बहीण. तिच्या जिवावर फिरलो, महाराज. फार केलं हो तिनं माझ्यासाठी.”

“आहे ना?”

“आहे. वाट बघत असते.”

डोळे पुसून तो महाराजांच्या पायांवर वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले.

“जा, आधी तिचे धरून ये. तोवर इथं मी बसतो.”