धाकूची हाळी

खाडीवर पूल नव्हता, तरीच्या होडीत माणसांबरोबर बकऱ्याही बसायच्या, तेव्हाची ही गोष्ट. कुणाच्या पणजोबाच्याही आधीची. खरी किती आणि वाढवलेली किती, ते मला विचारू नका. मी ऐकली तशी सांगतो.

आमचं तळवशी तुम्ही पाहिलंच आहे. तिन्ही बाजूंना डोंगर आणि एका बाजूला खाडी. पातेल्याच्या बुडाशी बसल्यासारखं गाव. सकाळी डोंगरावरून खाडीकडे वारा वाहतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, आणि दिवस मावळताना दोन्ही थांबतात. तेव्हा इथं पानसुद्धा हलत नाही.

पाऊस यायच्या आधी आपल्याकडे राब भाजतात. भाताचं रोप जिथं करायचं तिथं पाला, शेणी, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवायचं. मातीमुळे आग भडकत नाही, धुमसत राहते. धूर निघतो तो डोळ्यांत पाणी आणणारा. आता कोणीही सांगेल की असला धूर वाऱ्यावर सोडून द्यावा. पण त्या काळच्या तळवशीकरांची समजूत उलटी होती. धूर जितका वेळ गावात राहील, तितकं भात जास्त पिकेल, असं ते धरून चालत. म्हणून मुद्दाम वारा पडला की राब पेटवायचे! मग तो धूर रात्रभर गावावर पांघरुणासारखा पडून राही. म्हातारी माणसं खोकून अर्धी होत, आणि दर वर्षी एखादा पाळणा रिकामा होई. लोक रडत आणि म्हणत, देवीनं नेलं.

वारा पडला हे ठरवायचं कोणी? तो मान धाकू भंडाऱ्याचा. धाकू माडी काढायचा. सकाळ-संध्याकाळ कमरेला कोयती लावून माडावर चढायचा. गावातला सगळ्यात उंच माड खाडीच्या काठी होता. त्याच्या शेंड्यावरून तो हाळी द्यायचा, “पडलाऽऽ!” ती ऐकली की गावकरांचे रघोजी आबा पहिली काडी लावायचे, मग बाकीचे. हाळीशिवाय भाजलेल्या जमिनीत दाणा धरत नाही, अशी सगळ्यांची खात्री. धाकूला या मानाचा भारी अभिमान होता. त्याची हाळी पलीकडच्या गावातली म्हैस मागं वळून बघेल इतकी लांब जायची, असं म्हणतात.

धाकूची बायको एका धुराच्या रात्री गेली. मागं राहिली मंजुळ, सात-आठ वर्षांची पोर. तिची छाती तेव्हापासूनच वाजायला लागली. पुढच्या भाजावळीत ती निळी पडली आणि कशीबशी वाचली. वैद्य म्हणाला, “धाकू, असला धूर हिला आणखी एकदा नाही झेपायचा.” तिला नेणार तरी कुठं? खाडीच्या दोन्ही अंगांना राबच राब.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू माडावर चढला आणि त्यानं खाली पाहिलं. इतकी वर्षं तो वर चढत होता, पण खाली असं कधी बघितलं नव्हतं. शेंड्यावर स्वच्छ हवा होती. खाली गाव दिसतच नव्हतं. धुरातून फक्त खोकण्याचे आवाज येत होते. धाकूला कळलं की हे आपल्या हाळीनं झालं. देवीनं कोणाला नेलं नव्हतं.

वर्ष फिरलं. राब रचून झाले. संध्याकाळी वारा पडला, माणसं माडाखाली जमली. वरून हाळी येईना.

रघोजी आबा ओरडले, “धाकू, झोप लागली काय रे? दे की हाळी!”

“न्हाय देत, आबा. सकाळचा वारा सुटला की देतो. तवा पेटवा.”

“सकाळी? मग धूर सगळा खाडीत जाईल!”

“जाऊ दे. माजी पोर गुदमरते. तुमचा नातू पन खोकतो, मला वर ऐकू येतं.”

आबांनी काढलेली काडी परत ठेवली. पण गाव गप्प बसतं होय? कोणी शिव्या घातल्या, कोणी दुसऱ्याला वर चढवायला निघालं. पण माणूस जितका वर चढे तितका माड वाढत जाई, असं म्हणतात. चढणारे दमून उतरले.

आणि नेमका त्याच वर्षी सकाळचा वाराही सुटेना. सकाळ झाली, दुपार झाली, झावळी हलली नाही. समुद्रावर ढग काळे होत चालले. पाऊस आधी आला तर राब भिजणार, रोप नाही, भात नाही, गाव उपाशी. धाकू वरून उतरेना. तहान लागली की माड त्याच्याकडे शहाळं वाकवी, असं म्हणतात. शेवटी आबा जड आवाजात म्हणाले, “उद्या संध्याकाळी तुझ्या हाळीशिवाय पेटवतो रे बाबा. माझा इलाज नाही.”

ती शेवटची सकाळ. मंजुळ खोकत खोकत माडाखाली आली. “बा, खाली ये ना. मला भ्या वाटतं.”

त्या हाकेनं धाकूचं काळीज फाटलं. तो वाऱ्याला म्हणाला, “तुला वाहायला दम पायजे ना? माजा घे. सगळा घे. माज्या पोरीचा तेवढा ठेव.” आणि छाती भरून त्यानं हाळी दिली, “पेटवाऽऽऽ!”

हाळी संपेना. लांबत गेली, डोंगराला लागून परत आली, आणि झावळ्या एकदम खाडीकडे वळल्या. आबांनी पोरीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि काडी लावली. शेतांमागून शेतं पेटली. धूर उठला तसा खाडीवरून समुद्राकडे चालू लागला. शेवटचा राब भाजून होईपर्यंत हाळी चालूच होती. मग ती थांबली आणि पाऊस आला.

माणसं वर चढली तेव्हा माड पूर्वीइतकाच होता. शेंड्यावर कोयती अडकवलेली होती. धाकू नव्हता.

त्या वर्षी भात नेहमीसारखंच पिकलं, जास्त नाही की कमी नाही. पण एकही पाळणा रिकामा झाला नाही. देवीनं नेलं, असं मग कोणी म्हणेना.

पुढच्या वर्षी हाळी द्यायला मंजुळ माडावर चढली. तो माड कधीच पडला. त्याच्या नारळाचा माड, त्याच्या नारळाचा पुन्हा माड, असा आज खाडीकाठी उभा आहे तो धाकूचा माड. झावळ्या खाडीकडे वळल्याशिवाय तळवशीत अजून कोणी राब पेटवत नाही. संध्याकाळी कोणी साधा कचरा पेटवायला काडी काढली, तरी एखादी आजी दटावते, “थांब मेल्या, धाकू अजून वरच आहे!”

आणि भाजावळीच्या सकाळी गावातली सगळी पोरं माडाखाली उभी करतात. एकेकानं छाती भरून, एका दमात हाक मारायची, “धाकूऽऽऽ!” आया शेजारी उभ्या राहून ऐकतात. ज्या पोराची हाक मध्येच तुटते, त्याच्यासाठी त्या दिवशी गाव एकही काडी लावत नाही. वारा आणखी चांगला सुटेपर्यंत सगळे थांबतात.

ढग कितीही काळे झाले तरी थांबतात.