भोयांचा करारनामा

सोनगिरीच्या राजाची कंबर पुन्हा धरली आणि दोष आला पालखीच्या आठ भोयांवर!

"दिवाणजी, हे भोई आहेत की भूकंप?" राजा वज्रधर कण्हत ओरडला.

करारनामे लिहिण्यात दिवाण त्र्यंबकपंत स्वतःला पटाईत समजत. आधी त्यांनी खेपेमागे मजुरी ठरवली. खेपा वाढवायला भोई असे धावले, की राजा पालखीत चेंडूसारखा उडाला. मग पंतांनी दिवसावर मजुरी ठरवली. आता भोई असे चालले, की एका गोगलगायीने पालखीला मागे टाकलं. राजाला तिचाच राग आला!

"तीन दिवस देतो!" राजा गरजला. "पालखी वेगात यावी, धक्का लागू नये आणि चाबूक घेऊन मागे कुणी धावायला नको. असा करार आणा, नाहीतर आठही भोई बायकापोरांसकट राज्याबाहेर!"

पुढचा दांडा धरणाऱ्या भिकाजी भोयाची बायको ठकू ताक विकायची. तिने नवऱ्याला समोर बसवलं.

"कारभारी, मी कलम सांगते. तुम्ही त्यातली लबाडी सांगा."

"लबाडी? मी?"

"तेवढी एकच तर येते तुम्हाला! ऐका. लवकर पोचलात तर जास्त मजुरी."

"मग धावू. कंबर राजाची, आमची थोडीच!"

"खोडलं. मडक्यात काठोकाठ नीरा भरून पालखीत ठेवायची. न सांडता पोचेल तेवढी तुमची."

"वा! मग दुपारपर्यंत वडाखाली बसू. उन्हात तिची ताडी होते!"

ठकूने कपाळावर हात मारला आणि तेही कलम खोडलं. दोन दिवस हेच चाललं. ती कलम सांगे, तो लबाडी शोधी, ती कलम बदलून टाकी. तिसऱ्या दिवशी भिकाजीने बराच वेळ डोकं खाजवलं.

"आता काही सुचत नाही गं!"

"मग झाला करार लिहून!"

ठकू दरबारात गेली ती कराराचा कागद आणि तांब्याची घागर घेऊनच. घागरीला झाकण नव्हतं आणि बुडाला सुईएवढं भोक होतं.

"महाराज, ही केशरी आटीव दुधाने भरून पालखीत ठेवायची, खाली परात. धक्का लागला तर वरून सांडेल, रेंगाळले तर खालून गळेल. परातीत पडेल ते राजवाड्यातल्या मांजरांचं. घागरीत उरेल ते भोयांचं."

राजा खूश झाला. पुढचं काही न वाचता त्याने सही ठोकली आणि पालखीत बसला.

पालखी राजबागेकडे अशी निघाली, जणू पाण्यावरची होडी! बागेत दिवाण आणि ठकू वाट पाहत होते. पंतांनी घाईघाईने घागरीत डोकावलं.

"रिकामी! करार फसला! भोयांना हाकला!"

भिकाजीचा चेहरा पडला. ठकूने मात्र परात उचलली. तळाशी वाटीभर दूध होतं.

"सांडलं नाही, गळलंही फारसं नाही. मग गेलं कुठे?" तिने वर पाहिलं. "महाराज, मिशीला साय लागलीय!"

राजाने मिशी पुसली. "वेलची फार छान पडली होती गं! पण राजाला दंड कोण करणार?"

"शेवटचं कलम करेल. वाचा, दिवाणजी."

पंत चाचरत वाचू लागले, "पालखीत बसणाऱ्याने घागरीला तोंड लावल्यास परत जाताना त्याने दांडा खांद्यावर घ्यावा. खाली... खाली महाराजांची सही."

"म्हणजे तू माझ्यावरही संशय घेतलास?" राजाने डोळे वटारले.

"घेतला, महाराज! भोयांना पाय आहेत म्हणून ते पळतात. तुम्हालाही जीभ आहेच की!"

बागेतले माळीसुद्धा श्वास रोखून उभे राहिले. आणि राजा हसत सुटला! हसता हसता त्याने पगडी पंतांच्या हातात कोंबली आणि दांड्याला खांदा लावला.

"रिकामी पालखी काय उचलायची? ठकूबाई, बसा आत!"

ठकू पदर सावरून ऐटीत बसली. वेशीपर्यंत पोचताना राजा घामाघूम झाला, पण हसू थांबेना. तिथेच त्याने आठही भोयांना रोजची एक घागर दूध लावून दिलं आणि ठकूला दोन दुभत्या म्हशी व दरबारात दिवाणाशेजारची गादी दिली.