लाल गाडीतली एक खोट

"माझ्या गाडीत मला पटेल अशी एक खोट काढा आणि किल्ली घेऊन जा!"

असं मी भर चौकात, चहाच्या टपरीवर, वीस माणसांसमोर बोलून बसलो. कवळी काढून परत बसवता येते, शब्दाचं तसं नसतं.

गोष्टीत एक अडेलतट्टू राजा लागतो. इथं तो मीच, म्हादबा वखारवाला. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर कंटाळले म्हणून सुटली. राज्य म्हणाल तर कोल्हापुरातली लाकडाची वखार. राणी म्हणाल तर सत्त्याण्णव सालची लाल गाडी. बायको घरात आहे, पण तिला हे वाचून दाखवू नका.

गाडी बुटकी, दोनच दरवाजे, डिकीचं झाकण वर उघडणारं. पण एके काळी बावड्याच्या घाटात मोठमोठ्या गाड्यांना धूर खायला लावायची. आता आठ वर्षं फाटकाबाहेर गेली नव्हती. ओरखडा पडेल म्हणून! रोज सकाळी सातला मी ती सुरू करायचो, आवाज ऐकायचो, बंद करायचो आणि पुसायचो. एवढं मी माझं तोंडही पुसत नाही.

टपरीवरचा शब्द गावभर झाला आणि शनिवारी दुपारी वखारीत जत्रा भरली. पुण्याचे पिंगळे गाडी मागायला तिसऱ्यांदा आले होते. या जुन्या छोट्या गाड्यांचं वेड असलेला माणूस, म्हणजे माझ्याच जातीचा खुळा, फक्त शिकलेला.

"एसी बंद आहे," पिंगळे म्हणाले.

"खिडकीतनं वारा फुकट येतोय की!"

"पावसात डावीकडं छत गळतं."

"म्हणून फुकटे शेजारी बसत नाहीत!"

"हॉर्न वाजत नाही."

"गरीब गाय हाय. घरातल्या काही माणसांसारखी दिवसभर वाजत न्हाई!"

बायको ओसरीवर शेंगा फोडत होती. तिनं एक शेंग जरा जोरात फोडली.

"रिव्हर्स गिअर पडत नाही हो!" पिंगळे रडकुंडीला आले.

"कोल्हापूरची हाय! माघार घेत न्हाई!"

लोक हसले, तसा मी जास्तच फुगलो. "आणि ऐका! ही पतिव्रता हाय. माझ्या हाताशिवाय सुरू होत न्हाई!"

पिंगळ्यांनी बारा वेळा किल्ली फिरवली. गाडी नुसती खोकली.

"मग मी कोण म्हनायची?" ओसरीवरून आवाज आला. मी ऐकलंच नाही असं केलं. पन्नास वर्षांचा सराव आहे.

एवढ्यात जुलेखा पुढं आली. आमच्या भिंतीपलीकडं बाबालाल मिस्त्रींचं गॅरेज आहे, त्यांची ही थोरली. हात कोपरापर्यंत ऑइलनं काळे. दुसऱ्या दिवशी बावड्याच्या घाटात जुन्या छोट्या गाड्यांची चढाईची शर्यत होती. पंचवीस वर्षांवरचीच गाडी चालायची, आणि नाव संध्याकाळी पाचच्या आत घालायचं होतं. सहा जणांच्या गाड्या या पोरीनं चढाईसाठी तयार करून दिल्या. स्वतःला चालवायला मात्र एकही नाही. महिनाभर ती माझ्याकडं गाडी मागत होती आणि महिनाभर मी तिला चहा पाजून परत पाठवत होतो.

"मामा, मला खोट काढायची न्हाई," ती म्हणाली. "एकदा सुरू करून बघू?"

"बघ की! पुणं हरलं, तू कोण?"

ती बसली. किल्लीला हात लावला नाही. आधी चोक अर्धा ओढला. पायानं ॲक्सिलरेटर दोनदा दाबला. मग डोळे मिटून दहा आकडे मोजले. घड्याळाखाली डॅशबोर्डला एक बुक्की घातली आणि अगदी माझ्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "चल गं माझे राणी, लोकं हसत्यात!"

मग किल्ली फिरवली. एका झटक्यात गाडी गुरगुरली!

वखारीत शिट्ट्या. मी खिडकीत डोकं घातलं.

"तुला कुणी शिकवलं गं?"

"तुम्हीच! रोज सकाळी सातला भिंतीपलीकडं सगळं ऐकू येतंय. बुक्की, लाडीगोडी, सगळं. अब्बा म्हनत्यात, मामी माहेराहनं परत आल्या तरी मामा त्यांच्याशी एवढं गोड बोलत न्हाईत."

आता बायकोच्या शेंगा थांबल्या होत्या.

"बरं मामा," जुलेखानं विचारलं, "तुमची गाडी माझ्या हातानं सुरू झाली. हे चांगलं का वाईट?"

"वाईट! साफ वाईट! इमान म्हणून काही..."

"मग हीच की खोट! तुमच्या तोंडानं पटली. किल्ली माझी!"

"थांब, थांब! चांगलं! लई चांगलं झालं!"

"मग फाटक उघडा, चांगल्या कामाला उशीर नको. चांगलं म्हणाल तर उद्या तुमची गाडी घाट चढंल. वाईट म्हणाल तर माझी गाडी घाट चढंल. कुणाची ते तुम्ही ठरवा मामा, घाट तर चढणारच!"

मी 'चांगलं' म्हणायला तोंड उघडलं, मिटलं. 'वाईट' म्हणायला उघडलं, मिटलं. पाण्याबाहेरच्या माशागत माझं चाललेलं बघून पहिल्यांदा बायको हसली. मग पिंगळे. मग मलाच असं हसू फुटलं की कवळी सुटून बॉनेटवर पडली. लाल रंगावर ओरखडा! आठ वर्षं सांभाळलेल्या रंगावर पहिला ओरखडा माझ्याच दातांचा!

"घे किल्ली!" मी बोळक्या तोंडानं ओरडलो. "गाडी तुझीच! पण उद्या मला संगं ने."

"न्यायचं की. पुढची सीट तेवढी मामींची."

पाचला दहा मिनिटं कमी असताना नाव लागलं. दुसऱ्या दिवशी भर पावसात लाल गाडी बावड्याचा घाट चढली. पुढं जुलेखा, शेजारी छत्री उघडून आमची मंडळी, आणि मागच्या सीटवर गुडघे कानाला लावून, दर वळणावर हॉर्नच्या जागी स्वतः बोंबलणारा मी!