डगमगरावांची चाल

नदीकाठच्या एका जंगलात, पाण्यावर ओणवलेल्या उंबरावर एक घोयरा सरडा राहत असे. मुलांनो, त्याला चालताना पाहिले आहे का कधी? एक पाय उचलायचा, पुढे झुलायचे, मागे झुलायचे, मग कुठे तो पाय टेकायचा. शेजारच्या ढोलीतली खार सुर्रकन जाता जाता म्हणायची, "काय डगमगराव, निघालात, की अजून विचारच चाललाय?"

घोयरा मान ताठ करून म्हणे, "खारूताई, ही आमच्या घराण्याची चाल आहे. हलणाऱ्या पानांत आम्ही पानासारखे हलतो. पणजोबांपासून आजवर आमच्यातला एकही फांदीवरून पडलेला नाही."

"आणि एकही वेळेवर पोचलेला नाही!" खार खिदळायची.

एकदा नदीला मोठा पूर आला. उंबराची मुळे उघडी पडली आणि झाड कलू लागले. काठावरच्या जांभळापर्यंत एक वेल गेली होती, तेवढीच काय ती वाट. खार आपल्या पिल्लाला तोंडात धरून धावली, पण मध्यावर खालचे पाणी पाहून ती घाबरून थांबली. ती मागे फिरली. पुन्हा गेली, पुन्हा फिरली. झाड करकरू लागले तरी तिचे जाऊ की नको चाललेच होते.

भीती घोयऱ्यालाही वाटत होती. पण घराण्याची चाल आज नाही दाखवायची, तर कधी? तो वेलीवर उतरला. "खारूताई, खाली बघू नका. माझ्या शेपटीवर नजर ठेवून मागे या."

पिल्लाला फांदीवर ठेवून खार म्हणाली, "अहो, वेल हलतेय!"

"हलू दे की. मीही हलतोच. फक्त परत फिरायचे नाही."

वेल झुलली की घोयरा झुलायचा. पण टेकलेला पाय त्याने एकदाही मागे घेतला नाही. पिल्लाला घेऊन खार जन्मात पहिल्यांदाच हळू चालली. तिघेही जांभळावर पोचले आणि मागे उंबर कडाडून पाण्यात कोसळला.

पिल्लाला कुशीत घेत खार ओशाळून म्हणाली, "आजपासून तुम्हाला डगमगराव नाही म्हणणार."

घोयऱ्याची छाती अभिमानाने फुगली. अंगावर ठेवणीतला हिरवा रंग चढवून तो म्हणाला, "छे, छे! म्हणा की. चांगले खणखणीत म्हणा. पिल्लालाही शिकवा."

तात्पर्य : पाऊल डगमगले तरी हरकत नाही, निश्चय डगमगू देऊ नये.