म्हंकाळूचा बकाणा

ऐका रे, आणि मधे खोकू नका. फार वर्षांपूर्वीची, नदीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. खुरवाडीत माणसांपेक्षा घोडी जास्त होती, आणि असं म्हणतात, अक्कलही घोड्यांकडंच जास्त होती. घरोघर शिंगरं वाढवायची आणि पौषातल्या जत्रेत विकायची, हाच धंदा. पण गिऱ्हाईक आलं की शेजारी कुजबुजायचा, "त्याचा घोडा रातांधळा हाय बरं का!" दुसरा म्हणायचा, "ह्याच्या घोडीच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा हाय, मालकाला खाती." हसू नका, तुमचेच पणजे ते. गिऱ्हाईक सगळ्यांनाच हात जोडायचं आणि दुसऱ्या गावची घोडी घेऊन जायचं.

मग घोडी शिकवणाऱ्या म्हंकाळू चाबुकस्वारानं सगळ्यांना पारावर बसवलं. म्हणाला, "आता घोडी एकाच रांगेत बांधायची. आपलं जनावर आपण दाखवायचं नाही, शेजाऱ्यानं दाखवायचं. त्यानं गुण सांगायचे, खोडही सांगायची. आणि मालकानं तोंडात हरभऱ्याचा बकाणा भरून गप उभं राहायचं."

पहिल्या वर्षी जत्रा हसली. गाल फुगवून उभे असलेले वीस बाप्ये, हसणार नाही तर काय! पण खोड उघड सांगतात म्हटल्यावर गुणांवरही लोकांचा विश्वास बसला. तिसऱ्या वर्षी दुपारपर्यंत रांग रिकामी.

सगळ्यात भलं झालं म्हंकाळूच्या शेजारच्या सुभानाचं. त्याची मरतुकडी शिंगरं म्हंकाळूनं जीव लावून दाखवली, खपवली.

एका वर्षी म्हंकाळूची चंद्री रांगेत आली, आणि दाखवायला सुभाना. घोडी लाखात एक, पण पाण्यात उतरली की बसायची. नदीपलीकडचा धोंडिबा, हळद अजून निघाली नव्हती अंगाची, त्यानं विचारलं, "अन् खोड?"

सुभानाची जीभ रेटेना. ज्यानं आपल्याला उभं केलं, त्याच्या घोडीला नाव कसं ठेवायचं? म्हणाला, "देवमाणसाची घोडी. खोड कसली?"

म्हंकाळूनं ऐकलं. बकाणा थुंकायचा तेवढा अवकाश होता. पण आपणच घातलेला नेम भर जत्रेत कसा मोडायचा? तो थांबला, सुभाना आता सांगेल, मग सांगेल.

धोंडिबा चंद्री घेऊन तिच्यावरूनच घरी निघाला, आणि उन्हं कलायच्या आत ती नदीच्या मधल्या धारेत बसली. धोंडिबाचा पाय रिकिबीत अडकला. घोडी एकटीच बाहेर आली.

म्हंकाळू तसाच पाण्यात शिरला. काठावरून सुभाना ओरडत होता, "म्हंकाळूनाना, थुका की ते!" त्यानं नाही थुंकलं. दोघंही सापडले नाहीत.

असं म्हणतात, त्या उन्हाळ्यात नदीच्या तापल्या वाळूत हरभरा उगवला, हिरवागार. शेरडंसुद्धा त्याला तोंड लावीनात.

आजही खुरवाडीत शेजारीच घोडा दाखवतो. पण बकाणा कुणी भरत नाही. मूठभर हरभरे नदीत सोडतात, आणि खोड मालक स्वतः सांगतो. घोड्याला खोड नाही म्हणणाऱ्याला स्वतःची एक सांगावी लागते. तुमच्या मामाला दुपार पुरली नव्हती.

आणि विक्री सुरू व्हायच्या आधी, रांगेतल्या पहिल्या खुंटाला नुसता ओला दोर बांधतात. सुभानाच्या घरचा थोरला त्या दोराशी उभा राहतो. तो म्हणतो,

"ही चंद्री. पाण्यात बसती. नेऊ नका, धोंडिबा."