खळी कुठल्या गालावर

“आणि खळी डाव्या गालावर होती की उजव्या, हेच आठवत नसेल तर?”

म्हातारे भिवाजी पाथरवट दगडाला कान लावून बसले होते. हातोडीने हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. पोटात चीर असली की दगड बद्द वाजतो. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

विचारणारा मल्हारी त्यांचाच शिष्य. पंचक्रोशीत त्याच्यासारखा हात नव्हता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी त्याची सहा वर्षांची पारू तापाने गेली. तेव्हापासून तो संगमरवरात तिचा चेहरा कोरत होता. दोन दगड वाया गेले. तिसऱ्यात डोळे जमले, ओठ जमले, आणि छिन्नी गालापाशी येऊन अडली. बायकोला विचारायचा धीर होईना. शेवटी तो अर्धा चेहरा फडक्यात गुंडाळून, सायकलला बांधून तो इथे आला होता.

“बाबा, देवांचे चेहरे मी डोळे मिटून काढतो. पण माझ्या पोरीचा...”

मल्हारीने फडक्याची गाठ चाचपली.

“मी तिला विसरायला लागलोय.”

भिवाजींना त्याची फार माया होती. ते उठले, कोपऱ्यातून चुनखडीचा एक ओबडधोबड तुकडा घेऊन आले आणि त्यावर पाणी शिंपडलं. ओल्या दगडात शिंपले स्पष्ट दिसू लागले.

मग ते नव्या पोरांना सांगतात तेच सांगू लागले. चुनखडी म्हणजे जुन्या समुद्राचा तळ, शिंपल्यांचाच थर. कधी ती जमिनीत खोल जाते. वरून डोंगरांचं ओझं, खालून धग. लाखो वर्षं. ती वितळत नाही, नुसती सोसत राहते, आणि तिचा कण न् कण नव्याने जुळतो. तिचाच संगमरवर होतो.

मल्हारी चिडला. हे आपल्याला पाठ आहे, हे ऐकायला आपण आलो नाही, असं त्याने बोलूनही दाखवलं.

भिवाजींनी फडकं सोडलं. पारूच्या चेहऱ्यावर हलक्या हाताने पाणी शिंपडलं.

“आता यात शिंपले शोध.”

मल्हारीने चेहरा उजेडाकडे वळवला. कपाळावरून, ओठांवरून अंगठा फिरवला. तो गालावर येऊन थांबला.

“नाहीत...”

“कुठे गेले?”

मल्हारीचे डोळे भरून आले. भिवाजींनी आपला सुरकुतलेला हात त्याच्या हातावर ठेवला.

“एकही कुठे गेला नाही, लेका. हा सगळा दगड त्यांचाच बनलाय.”